कसाऱ्याच्या घाटात काटा वर गेला, आता कूलंटमध्ये बाटली टाकावी का?

प्रश्न नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका ताईंचा आहे. गाडी २०१५ सालची पेट्रोल हॅचबॅक, ८४ हजार किलोमीटर झालेली. मे महिन्यात मुंबईहून परत येताना कसाऱ्याच्या घाटात तापमानाचा काटा वर सरकला. एसी चालू होता, मागे तिघं बसलेले आणि डिकी भरलेली. इगतपुरीला थांबल्या, इंजिन गार झाल्यावर रिझर्व्ह टाकीत पिण्याच्या पाण्याची एक लिटरची अख्खी बाटली रिकामी केली आणि घरी पोचल्या. आता नाशकात फिरताना काटा जागेवर असतो. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने कूलंटमध्ये टाकायची एक छोटी बाटली दिली आहे, त्याने इंजिनचं तापमान खाली येतं म्हणे. भाऊ म्हणतो, कूलंटच नको, साधं पाणी जास्त गार ठेवतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा मुंबईला जायचं आहे. बाटली टाकू का?

ताई, आत्ता टाकू नका. तुमच्या गाडीत पाण्याची एक अख्खी बाटली मावली, ही खरी बातमी आहे. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, यंत्रणा सीलबंद असते. त्यातलं पाणी जळत नाही, पेट्रोलसारखं संपत नाही. वर्षभरात रिझर्व्ह टाकीतली पातळी बोटभर खाली गेली तर समजू शकतो. एक लिटर मावतो याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर गेलंय किंवा आत इंजिनात गेलंय. छोट्या गाडीत सगळं मिळून चार-पाच लिटर कूलंट असतं, म्हणजे तुमची गाडी जवळजवळ पावपट कोरडी होऊन घाट चढत होती. अशा गाडीत जगातली कुठलीही बाटली टाकली तरी काटा वर जाणारच.

मी अंबडला २६ वर्षं गॅरेज चालवतो. उन्हाळा लागला की गरम झालेल्या गाड्या टो होऊन येतात, बहुतेक कसारा नाहीतर चांदवडच्या राहूड घाटातून, सप्तशृंगीच्या दर्शनाला निघालेल्या नांदुरीच्या चढावरून. त्यातल्या निम्म्याअधिक गाड्यांत कुणीतरी आधी काहीतरी ‘टाकलेलं’ असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या भावाचं. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं बऱ्याच मेकॅनिकनाही माहीत नसतं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कुणी धरत नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) आणि निम्मं पाणी असलेल्या मिश्रणाला साधारण ३.४. म्हणजे वजनाला वजन धरलं तर पाणीच जास्त उष्णता उचलतं. शिवाय ग्लायकॉल दाट, ते पाण्याइतकं सहज वाहत नाही. नुसतं ‘गार करण्याचं’ माप लावलं तर कूलंट पाण्यापेक्षा कमीच पडतं.

पण पाणी उकळतं. आणि नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपासच उकळतं. इंजिनचं रोजचं कामाचं तापमान ९० ते ९५. मधे अंतर किती राहिलं बघा. म्हणून रेडिएटरची टोपी कुकरच्या शिट्टीचं काम करते. टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढा दाब ती आत धरून ठेवते. दाब असला की साधं पाणीही १२० च्या आसपासपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर १२५ च्याही पुढे. ही टोपी म्हातारी झाली, तिचं रबर कडक झालं, की दाब टिकत नाही. मग पाणी भरलेली गाडी ९८ ला उकळते, कूलंट भरलेली १०६-१०७ ला. घाटात दुसऱ्या गिअरवर, ४० अंशांच्या उन्हात, हे आठ-नऊ अंशच गाडी वर पोचवतात. दोन-अडीचशे रुपयांची टोपी न बदलल्यामुळे हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, काढायची वेळ आलेल्या गाड्या मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी वाईट वाटतं.

आता ॲडिटिव्ह. लोकांना वाटतं ॲडिटिव्ह म्हणजे वरून टाकायची वेगळी बाटली. खरं तर चांगल्या कूलंटचा प्राण म्हणजे त्यातली ॲडिटिव्हच. कूलंटच्या कॅनमध्ये पाणी आणि ग्लायकॉल वगळलं तर उरतो तो ५ टक्क्यांच्या आगेमागे असलेला भाग, आणि पाच-पाच वर्षं इंजिन वाचवतो तो हाच. ग्लायकॉल एकटं घातलं तर ते हळूहळू आंबतं, त्याची आम्लं होतात आणि ती ॲल्युमिनियम खातात. इंजिनात बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, कुठे तांबं, कुठे पितळ, डाखेचं कथील, रबराचे होज, पंपाचं सील, असा सगळा गोतावळा एकाच पाण्यात बसलेला असतो. दोन वेगळे धातू आणि मधे खारट पाणी म्हणजे बॅटरीच झाली. त्यातला कमजोर धातू झिजत जातो.

हे थांबवायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, बोरेट, फॉस्फेट असे क्षार असतात. ते सगळ्या धातूवर पटकन एक थर चढवतात, भिंतीला चुना मारावा तसा. संरक्षण लगेच मिळतं, पण चुना लवकर संपतो. दोन वर्षांत किंवा ४० हजार किलोमीटरच्या आसपास कूलंट बदलावं लागतं. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सगळीकडे थर देत बसत नाहीत, जिथे गंज धरायला लागतो तिथेच जाऊन बसतात. म्हणून ते कमी खर्च होतात आणि पाच वर्षांपर्यंत टिकतात. काही कूलंटमध्ये दोन्हींचा मेळ असतो. तांब्या-पितळेसाठी टॉलिलट्रायझोल नावाचा वेगळा पदार्थ असतो, फेस होऊ नये म्हणून फेसरोधक असतो. फेसाचं महत्त्व कमी समजू नका. पंपाचं पातं पाणी ढकलू शकतं, फेस ढकलू शकत नाही. फेस झाला की पंप फिरतोय पण पाणी फिरत नाही.

जपानी कंपन्या शक्यतो सिलिकेट टाळतात, कारण ते पंपाच्या सीलला घासतं असा त्यांचा अनुभव. त्या फॉस्फेट वापरतात. युरोपातल्या कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण तिथलं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आणि जड पाण्यातलं कॅल्शियम फॉस्फेटशी गाठ पडली की साका होऊन बसतं. हे मी एवढ्यासाठी सांगतो की आपल्याकडच्या बहुतेक गाड्या जपानी-कोरियन धाटणीच्या, त्यांत फॉस्फेटचं कूलंट, आणि वर टाकायला आपण घेतो बोअरचं पाणी. हा सगळ्यात वाईट जोडा आहे.

मीही हे केलेलं आहे. गॅरेज नवीन होतं तेव्हा नळाला बोअरचं पाणी होतं, आणि मी सगळ्यांच्या गाड्यांत कूलंटसोबत तेच घालत असे. आमचे एक गिऱ्हाईक सिडकोतले, शिक्षक, गाडी जीव लावून वापरणारे. सहा वर्षं त्यांची गाडी माझ्याच हातात होती. सातव्या वर्षी ती शहरातल्या शहरात गरम व्हायला लागली. थर्मोस्टॅटची (इंजिनचं तापमान राखणाऱ्या झडपेची) पेटी उघडली तर आतून पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर चढतो तसला पांढरा खडू चढलेला. रेडिएटरच्या खालच्या ओळीतल्या नळ्या अर्ध्या बंद. खडूचा तो थर म्हणजे इंजिनला नेसवलेली गोधडी. आतली उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. रेडिएटर मी माझ्या खर्चाने बदलून दिला. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमध्ये कूलंटला बॅटरीत घालतात ते पाणी वापरलं जातं. पाच लिटरचा कॅन अगदी स्वस्तात मिळतो, आणि त्यात क्षार नसतात.

आता तुमच्या बाटलीकडे येऊ. दुकानदाराने दिली ती बहुधा पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी असणार. ती कसं काम करते ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यामागे तथ्य आहे. इंजिनातलं एकूण पाणी ९० अंशांवर असलं तरी हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारचा धातू त्याहून खूप तापलेला असतो. तिथे पाण्याचे बारीक बुडबुडे सतत सुटतात. चहाचं आधण उकळायच्या आधी पातेल्याच्या तळाशी जसे बारीक बुडबुडे धरतात, तसे. हे बुडबुडे वाईट नाहीत, उलट फार उपयोगी आहेत. पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते, ती बुडबुडा धातूकडून घेतो आणि वाहत्या पाण्यात विरून जातो. पण बुडबुडे जास्त झाले आणि धातूला चिकटून राहिले तर त्यांची मिळून एक वाफेची चादर होते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच वाफ होऊन जात नाही, नाचत राहतो, कारण त्याच्या खाली वाफ असते आणि तवा त्याला शिवतच नाही. हेडमध्ये तसं झालं की त्या जागेचं तापमान झपाट्याने चढतं, गाडी खडखडायला लागते, आणि काट्याला हे कळतही नाही, कारण काट्याचा सेन्सर दुसरीकडे असतो.

पृष्ठताण कमी असलेलं पाणी धातूला नीट भिजवतं, बुडबुडे लहान असतानाच सुटतात, चादर होत नाही. म्हणजे बाटलीत दम आहे. मात्र तिचा खरा फरक दिसतो नुसत्या पाण्यावर चालणाऱ्या गाडीत. रेसिंगच्या ट्रॅकवर अनेक ठिकाणी ग्लायकॉलला बंदी असते, सांडलं तर रस्ता निसरडा होतो म्हणून. तिथे पाणी आणि हे ॲडिटिव्ह असा मेळ वापरतात. तुमच्या गाडीत ग्लायकॉल आहे. पाण्याचा पृष्ठताण ७२ धरला तर ग्लायकॉलचा ४८ च्या आसपास; म्हणजे मिश्रणाचा तो आधीच बराच उतरलेला असतो. त्यात बाटली टाकून मिळणारा फायदा थोडाच, आणि तोही सगळं नीट चालू असेल तेव्हाच. शिवाय थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून इंजिनला ठरलेल्या तापमानालाच ठेवतात, मग नाशकात फिरताना काटा खाली आलेला दिसणार तरी कुठून? यंत्रणा निरोगी असेल आणि तुम्ही वारंवार भरल्या गाडीने घाट चढत असाल, तर एखाद-दोन अंशांची उसंत म्हणून टाकायला माझी हरकत नाही. कूलंट कुठल्या जातीचं आहे ते बाटलीवरच्या सूचनेशी ताडून बघा आणि सांगितलंय तेवढंच टाका, जास्त टाकलं तर फेस होतो.

त्या बाटलीवर ‘गळती बंद’ असं काही लिहिलं असेल तर मात्र हात लावू नका. ती वेगळी जात आहे. त्यात बारीक कण, तंतू किंवा सोडियम सिलिकेट असतं. भोक सापडलं की तिथे अडकून घट्ट व्हावं ही कल्पना. आपल्याकडे ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात तोच प्रकार. रात्री दोन वाजता पेठच्या रस्त्यावर, माल भरलेला, जवळपास कुणी नाही, तेव्हा हळदीने गाडी गावापर्यंत आली तर मी त्या ड्रायव्हरला शाबासकी देईन. पण गावात आल्यावर ती धुऊन काढून रेडिएटर दुरुस्त करायला हवा. ते कण चांगली नळी आणि फुटकी नळी यांत भेद करत नाहीत. आताच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरच्या नळ्या इतक्या चपट्या आणि अरुंद असतात की गळती थांबते आणि पाठोपाठ प्रवाहही थांबतो. आधी रेडिएटर गळत होता तेव्हा खर्च एका रेडिएटरचा होता. नंतर येते तेव्हा हेड वाकलेलं असतं, ते लेथवर घासून सपाट करायला पाठवावं लागतं, हेडखालची सीलची पट्टी म्हणजे गॅसकेट नवी, आणि रेडिएटर तर आहेच.

आणखी एक सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल: थर्मोस्टॅट काढून टाका. कृपा करून करू नका. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो आणि इंजिनला त्याच्या तापमानाला आणून ठेवतो. तो काढला की इंजिन सतत थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहिल्यामुळे पाणी रेडिएटरला टाळून जातं, म्हणजे घाटात गाडी उलट जास्त तापते. खराब असेल तर नवा बसवा.

तुमची गाडी माझ्याकडे आली तर मी काय करेन ते सांगतो, म्हणजे तुमच्या मेकॅनिककडून तेवढं करून घेता येईल. आधी गार इंजिनवर टोपी काढून बघायचं. रिझर्व्ह टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं पुष्कळदा असतं. टोपीची उलटी झडप काम करत नसेल तर टाकीतलं पाणी परत आत ओढलं जात नाही. मग प्रेशर टेस्टरने हवा भरून दाब टिकतो का ते बघायचं. गळती असेल तर दहा-पंधरा मिनिटांत ती कुठून ते दिसतं: होजच्या क्लिपपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या सांध्यावर, नाहीतर वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून. पंपाच्या त्या भोकाखाली वाळलेला रंगीत ओघळ दिसला तर सील गेलं समजा. ८४ हजारांवर ही शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, विशेषतः मधल्या काळात कूलंट पातळ होत गेलं असेल तर, कारण पंपाच्या सीलला वंगणही कूलंटचंच मिळतं.

बाहेर कुठे काही नसेल तर संशय हेड गॅसकेटवर. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, सकाळी सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या टोपीखाली दुधट साय, यातलं काहीही दिसलं तर गाडी हलवू नका. खात्रीसाठी निळं द्रावण वापरून एक चाचणी करतात. इंजिनातला जळका वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. ज्या गाडीचा काटा एकदा वर जाऊन आला आहे, तिची ही चाचणी मी न विचारता करतो.

बरोबरीने पंखा दोन्ही वेगांवर लागतो का ते बघायचं, आणि रेडिएटरची बाहेरची जाळी. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, पाचोळा, किडे यांची वाकळ तयार होते. वरून काहीच दिसत नाही, कंडेन्सर सैल करून आतून बाहेर पाणी मारावं लागतं. पिंपळगाव, निफाडकडच्या शेतातून फिरणाऱ्या पिकअपमध्ये मी या फटीतून घमेलंभर कचरा काढला आहे आणि गाडी तेवढ्यानेच बरी झाली आहे.

दुरुस्ती झाली की तुमचं कूलंट पूर्ण बदला. त्यात एक लिटर पिण्याचं पाणी पडलं आहे, म्हणजे ग्लायकॉलही विरळ झालं आणि ॲडिटिव्हही. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, म्हणून निम्मं-निम्मं हवंच असं नाही. पण ३० टक्क्यांच्या खाली गेलं की गंज रोखायला ॲडिटिव्ह पुरत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर उष्णता नीट वाहत नाही. तयार मिश्रणाचा कॅन घेतलात तर हिशेबच नको, फक्त त्यात वरून पाणी घालू नका. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंग आहे, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने घालते; गाडीच्या पुस्तिकेत जी जात दिली आहे ती कॅनवर शोधा. कॅनवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ हे मानक छापलेलं असावं. दोन जाती मिसळल्या तर लगेच स्फोट होत नाही, पण दोघांचं आयुष्य कमी होतं आणि कधी कधी जेलीसारखा गाळ धरतो. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवायचं, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. ही हवा राहिली की नवं कूलंट असूनही गाडी पुन्हा तापते.

जुनं कूलंट मेकॅनिकला गटारात ओतू देऊ नका. त्याची चव गोड असते आणि ते विष आहे. कुत्री, मांजरं चाटतात, मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. लहान मुलांच्या हाती लागेल असं तर ते कधीच ठेवू नये. आमच्याकडे ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा नेणाऱ्याकडे देतो. नाशकातली गटारं कुठे जाऊन मिळतात ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्या आठवड्याचं. गळती सापडली, दुरुस्त झाली आणि त्यानंतर तीन-चार दिवस गावात फिरून रोज सकाळी गार इंजिनवर पातळी तीच राहिली, तर खुशाल जा. सापडली नाही तर गाडी घरी ठेवा आणि रेल्वेने जा. परतताना कसाऱ्याला चढ लागायच्या आधी, काटा वर जाण्याची वाट न बघता, एसी बंद करा. काटा तरीही सरकला तर हीटर पूर्ण लावा, खिडक्या उघडा, सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. वाफ किंवा गळती दिसत नसेल तर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, पंखा आणि पंप उष्णता काढून घेतील. वाफ दिसली तर लगेच बंद. बॉनेट उघडा, पण टोपीला पाऊण तास हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी तर मुळीच ओतू नका. डिकीत बॅटरीच्या पाण्याचा एक लिटर आणि त्याच जातीच्या कूलंटचा एक लिटर ठेवा, दुकानदाराची बाटली घरीच राहू दे.